बाथचे लिटर किती?

बाथ हें प्राचीन हिब्रूंचें तेल व द्राक्षारस मोजण्याचें माप. सहा हिन म्हणजे एक बाथ, इतकें सोपें. त्याचे लिटर करूं जातां मात्र आमची त्रेधा उडते. पहिल्या शतकांतील इतिहासकार जोसीफस बाथाचे ७२ रोमी सेक्स्टारियस सांगतो. म्हणजे सुमारें ३९ लिटर. विसाव्या शतकांत पॅलेस्टाइनच्या उत्खननांत मापाचें नांव कोरलेलीं खापरें सांपडलीं. त्यांवरून ऑल्ब्राइट यांनीं २२ लिटरांचा अंदाज केला. शलमोनाच्या मंदिरांतील ओतीव गंगाळसागर दोघांसही अडचणींत टाकितो. व्यास १० हात, उंची ५. आणि राजांच्या पहिल्या पुस्तकाप्रमाणें त्यांत २,००० बाथ मावत. हात ४५ सेंटिमीटरांचा व भिंती सरळ धरिल्या तरी ३६,००० लिटरच होतात, म्हणजे बाथास १८! इतिहासाचें दुसरें पुस्तक तर ३,००० बाथ सांगतें. आम्ही खापरांच्याच बाजूचे. पण तीं फुटकीं, आणि पूर्ण घडा अंदाजानेंच उभा केलेला, म्हणून २२ च्या आधीं ‘सुमारें’ लिहितों.