आफ्रिकेतील शेती : अर्थव्यवस्था आणि रोजगार

आफ्रिका खंडात सर्वाधिक लोकांना काम देणारे क्षेत्र. सहाराच्या दक्षिणेकडील देशांत जवळपास निम्मे कामकरी शेती, पशुपालन, मासेमारी व वनोपज यांवर अवलंबून आहेत. मात्र त्या देशांच्या एकत्रित उत्पन्नात शेतीचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपासच आहे. शेतीतील दरडोई मिळकत इतर क्षेत्रांपेक्षा बरीच कमी असल्याचे या तफावतीवरून दिसते.

देशपरत्वे चित्र बदलते. बुरुंडीत ८० टक्क्यांहून अधिक कामकरी शेतीत आहेत. इथिओपियात राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग शेतीतून येतो. दक्षिण आफ्रिकेत हा वाटा अवघा ३ टक्क्यांच्या आसपास असून तेथे मोठी, यांत्रिक शेती करणारे मळेवाले प्रबळ आहेत. इतरत्र अल्पभूधारक कुटुंबेच अधिक आढळतात. शेतीकामात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. जमिनीची मालकी व कर्ज मात्र त्यांना सहज मिळत नाही.

पिके : पूर्व व दक्षिण भागांत मका, साहेलच्या कोरड्या पट्ट्यात ज्वारी-बाजरी, तर पश्चिम व मध्य भागांत कसावा आणि याम ही कंदपिके मुख्य अन्न होत. कसावाच्या उत्पादनात नायजेरिया जगात पहिला आहे. इथिओपियात टेफ हे बारीक दाण्याचे तृणधान्य घेतात. कमी पावसाच्या प्रदेशांत फुलानी, मासाई इत्यादी समाज गुराढोरांवर जगतात.

नगदी पिके व निर्यात : वसाहतकाळात युरोपातील कारखान्यांसाठी कच्चा माल पिकवण्यावर भर होता. सुदानमधील गेझिरा योजना (१९२५) कापसासाठीच उभी राहिली. हा साचा आजही पुरता बदललेला नाही. आयव्हरी कोस्ट व घाना मिळून जगातील निम्म्याहून अधिक कोको पिकवतात, परंतु चॉकलेटच्या किमतीतील मोठा हिस्सा प्रक्रिया व विक्री करणाऱ्यांकडे जातो. शेतकऱ्यांच्या पदरात अधिक पडावे म्हणून या दोन देशांनी २०२०-२१ च्या हंगामापासून टनामागे ४०० डॉलरचा अधिभार लागू केला. इथिओपियाची कॉफी, केनियाचा चहा व फुले, मालावीचा तंबाखू आणि मादागास्करचा व्हॅनिला ही इतर प्रमुख निर्यात होय. एखाद्याच पिकावर भिस्त असलेल्या देशाला भाव कोसळताच परकीय चलनाची टंचाई भासते.

अडचणी : सहाराच्या दक्षिणेस बहुतांश शेती पावसाच्या भरवशावर चालते. ईजिप्तमध्ये मात्र नाईलच्या पाण्यावर जवळजवळ सर्वच शेती बागायती आहे. खतांचा तुटपुंजा वापर, खराब रस्ते आणि साठवणुकीची वानवा यांमुळे एकरी उतारा कमी राहतो व काढणीनंतर नासाडी होते. शहरे झपाट्याने वाढत असल्याने अनेक देशांना गहू व तांदूळ आयात करावा लागतो.

धोरणे : आफ्रिकी देशांच्या मापुतो जाहीरनाम्यात (२००३) अंदाजपत्रकाचा किमान १० टक्के भाग शेतीवर खर्चण्याचे ठरले; थोड्याच देशांनी ते सातत्याने पाळले. मालाबो जाहीरनाम्याने (२०१४) त्या वचनाला दुजोरा दिला. आफ्रिका खंडीय मुक्त व्यापार क्षेत्रातील व्यवहार १ जानेवारी २०२१ पासून सुरू झाले.

भारताशी संबंध : मोझांबिक, टांझानिया व मालावी येथील तूर मुख्यतः भारतासाठी पिकते. मोझांबिकशी भारताने २०१६ मध्ये तूर आयातीचा करार केला. त्यामुळे भारताच्या आयात धोरणाचे परिणाम तेथील लहान शेतकऱ्यांना आणि मराठवाडा-विदर्भातील तूर उत्पादकांना, दोघांनाही भोगावे लागतात.