फिबोनाची: युरोपला नवा हिशेब शिकवणारा माणूस

कोडिंग शिकलेल्या जवळपास प्रत्येकाने फिबोनाची सिरीजचा प्रोग्राम लिहिलेला असतो. १, १, २, ३, ५, ८... मीही बीटेकला लिहिला, मग इंटरव्ह्यूत परत लिहिला. पण हा माणूस कोण? आणि गंमत म्हणजे, त्याचं खरं मोठं काम ही सिरीज नाहीच.

नाव लिओनार्डो, गाव इटलीतलं पिसा, जन्म साधारण ११७० चा. वडील आजच्या अल्जीरियातल्या बुजिया बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांसाठी कस्टमचं काम बघायचे. त्यांनी पोराला हिशेब शिकायला तिकडे बोलावून घेतलं. तिथे त्याची गाठ पडली नऊ भारतीय अंकांशी आणि शून्याशी. पुढे इजिप्त, सीरिया, सिसिली असं फिरत तो शिकत राहिला आणि १२०२ मध्ये त्याने 'लिबेर अबाची' हा ग्रंथ लिहिला.

तेव्हा युरोपात सगळीकडे रोमन आकडे. ३७७ लिहायला नऊ अक्षरं! गुणाकार करायचा तर फळ्यावर सोंगट्या सरकवायच्या आणि उत्तर तेवढं लिहून ठेवायचं. सोंगट्या उचलल्या की केलेला हिशेब गायब. म्हणजे आमच्या भाषेत, लॉगच नाही. डीबग काय करणार, डोंबल? अंकांनी हिशेब केला तर प्रत्येक पायरी कागदावर ठेवता येते, दुसऱ्याला तपासता येते.

हे अंक युरोपात आणणारा तो पहिला नव्हे. अल-ख्वारिझ्मीच्या अंकगणिताची लॅटिन रूपं बाराव्या शतकातच आली होती, पण ती विद्वानांपुरती. लिओनार्डोने उदाहरणं घेतली बाजारातली: मिरीचा भाव, चलनांची अदलाबदल, भागीदारीतला नफा, नाण्यातली चांदी. व्यापाऱ्याला हेच तर हवं होतं.

तरी बदल लगेच झाला नाही. १२९९ मध्ये फ्लोरेन्सच्या सराफ संघाने हिशेबाच्या वह्यांत हे अंक वापरायला चक्क बंदी घातली. पण इटलीत व्यापाऱ्यांच्या मुलांसाठी हिशेबाच्या शाळा निघाल्या आणि हे गणित तिथे रुजलं. १४९४ मध्ये लुका पाचोलीने छापलेल्या मोठ्या गणितग्रंथातही लिओनार्डोचं ऋण मान्य केलंय.

आणि ते ससे? त्या ग्रंथातलं ते एक छोटंसं कोडं. सशांच्या एका जोडीपासून वर्षभरात किती जोड्या होतील? उत्तर ३७७. हीच सिरीज आपल्याकडे हेमचंद्राने त्याच्या आधी, साधारण ११५० च्या सुमारास, छंदशास्त्रात मांडली होती: लघु-गुरूंच्या किती रचना होतात, ते मोजताना. 'फिबोनाची' हे नाव तिला थेट एकोणिसाव्या शतकात एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञाने दिलं.

म्हणून काही जण म्हणतात, त्याने आपलं चोरलं. मला ते पटत नाही. 'लिबेर अबाची'च्या पहिल्याच प्रकरणात तो या अंकांना सरळ 'भारतीयांचे अंक' म्हणतो. सिरीजला स्वतःचं नावही त्याने दिलेलं नाही. श्रेय द्यायचंच तर हेमचंद्राला सिरीजचं द्या आणि लिओनार्डोला युरोपच्या बाजारात शून्य पोचवल्याचं.

चला, आज इथेच थांबू. भेटू पुढच्या भागात!