अज्ञाताचे काय करायचे? एका सोयरिकीचा मागोवा

डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला दिवाडी बेटावरून फेरीबोट लागते. दिवाडीला यायला रायबंदरहून फेरी आहे, तशीच जुन्या गोव्याहूनही. एवढीच माहिती संगणकाला द्यायची, तर तिच्या दोन रीती आहेत. फंक्शनल रीतीत 'पैलतीर' नावाचे एक फंक्शन लिहायचे. त्याला रायबंदर किंवा जुने गोवे दिले की दिवाडी मिळते आणि दिवाडी दिली की नार्वे. लॉजिक रीतीत 'या धक्क्यावरून त्या धक्क्याला फेरी आहे' अशी तीन विधाने नोंदवायची आणि मग हवा तो प्रश्न विचारायचा. पहिल्या रीतीत एका फंक्शनचे उत्तर थेट दुसऱ्याला देता येते, गणित आटोपशीर राहते, पण वाट एकाच दिशेची. दुसरीत 'दोन फेऱ्यांत नार्व्याला कुठून पोचता येईल?' असे उलटेही विचारता येते. मात्र अधल्यामधल्या प्रत्येक टप्प्याला नाव द्यावे लागते, आणि उत्तर एकच असेल तिथेही शोध चालू राहतो.

दोन्हींचे गुण एकाच साधनात असावेत, या ध्यासाला आता चार दशकांहून अधिक काळ झाला. या सगळ्या खटपटीच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: फंक्शनच्या हाती अजून ठाऊक नसलेली किंमत आली, तर त्याने काय करावे?

दोन्ही घराणी तर्कशास्त्रातलीच. अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात लॅम्डा कॅल्क्युलस मांडला. जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या लिस्प या भाषेने फंक्शन लिहिण्याची रीत त्यातून घेतली. दुसरीकडे १९६५ साली जे. ए. रॉबिन्सन यांनी रेझोल्यूशनची पद्धत दिली. तिचा गाभा म्हणजे युनिफिकेशन: अज्ञाते असलेल्या दोन पदावल्या एकसारख्या व्हाव्यात, म्हणून अज्ञातांच्या जागी कमीत कमी काय ठेवावे लागेल ते शोधणे. याच पायावर १९७२ च्या सुमारास मार्सेयला अलँ कोलमेरोअर आणि फिलिप रूसेल यांनी प्रोलॉग घडवली. तिच्यामागचा विचार पक्का करण्यात एडिनबरोच्या रॉबर्ट कोवाल्स्की यांचा मोठा वाटा आहे. त्याच एडिनबरोत रॉबिन मिल्नर यांची एमएल ही फंक्शनल भाषाही वाढत होती.

एकत्र आणण्याचा पहिला प्रयत्न शेजारी शेजारी बसवण्याचा होता. खुद्द रॉबिन्सन यांनी अर्नेस्ट सिबर्ट यांच्यासह लॉगलिस्प तयार केली (१९८२). ससेक्स विद्यापीठाच्या पॉपलॉगमध्ये पॉप-११ आणि प्रोलॉग एका छताखाली आल्या. पण अज्ञाताचा प्रश्न शिल्लकच होता.

त्याचे पहिले उत्तर होते: अंदाज करा. आपोआप सिद्धता शोधण्याच्या क्षेत्रात 'नॅरोइंग' नावाचे तंत्र आधीपासून होते. फंक्शनल भाषा तशाच चालवता येतील, हे उदय रेड्डी यांनी १९८५ साली दाखवले. आपल्या उदाहरणात 'पैलतीर'चे 'पैलतीर' नार्वे यावे, तर सुरुवातीचा धक्का कोणता? नॅरोइंग एकेक नियम लावून पाहते. रायबंदर घेतले तर आधी दिवाडी, मग नार्वे: जमले. जुने गोवेही जमते. दिवाडी घेतली, तर पहिल्याच फेरीत नार्वे येते आणि नार्व्यासाठी पुढचा नियमच नाही, म्हणून ती वाट सोडून द्यायची. फंक्शन तेच, एक ओळही न बदलता ते उलटे चालले.

दुसरे उत्तर: थांबा. हसन ऐत-काची आणि सहकाऱ्यांच्या ल फन या भाषेने (१९८७) रेसिड्युएशनची वाट धरली. अज्ञात कळेपर्यंत फंक्शन तसेच तिष्ठत ठेवायचे आणि बाकीचे काम पुढे न्यायचे. बेरजेसारख्या क्रियेत हे शहाणपणाचे आहे, कारण तिथे अंदाज करू म्हटले तर पर्याय अनंत. पण ती किंमत कुणीच दिली नाही, तर काम अर्ध्यावर अडते. नार्व्याच्या कोड्यात नेमके तेच होईल. जर्मनीत गेर्ट स्मोल्का यांच्या गटाने घडवलेली ओझ ही भाषा याच वाटेची.

तिसरे उत्तर: आधीच सांगा. मेलबर्न विद्यापीठाच्या मर्क्युरीत (१९९५) काय ठाऊक असेल, काय शोधायचे आहे आणि उत्तर एकच की अनेक, हे प्रोग्रॅमरने जाहीर करायचे. त्यामुळे वेग आणि भरवसा मिळतो, पण सैलपणा जातो.

पहिल्या दोन वाटा करी या भाषेत मिळाल्या. सर्जिओ अँटॉय, रशीद एशाहेद आणि मिखाएल हानुस यांनी १९९४ साली 'नीडेड नॅरोइंग' मांडले: उत्तरासाठी अत्यावश्यक असेल तिथेच अंदाज करायचा. पुढच्याच वर्षी हानुस यांनी सहकाऱ्यांसह करीचा प्रस्ताव ठेवला. तिच्यात सर्वसाधारण फंक्शन अंदाज करू शकते आणि थांबणे योग्य असेल तिथे थांबूही शकते.

आपल्याकडे हे दोन प्रवाह वेगवेगळ्या शहरांत दिसतात. जपानने १९८२ साली लॉजिक प्रोग्रॅमिंगवर आधारलेला पाचव्या पिढीचा प्रकल्प हाती घेतला. पाठोपाठ भारतात १९८६ साली ज्ञानाधिष्ठित संगणक प्रणालींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याच्या केंद्रांत मुंबईच्या एनसीएसटी आणि टीआयएफआर या संस्था होत्या. डिसेंबर २००३ मध्ये लॉजिक प्रोग्रॅमिंगची एकोणिसावी आंतरराष्ट्रीय परिषदही मुंबईतच भरली. फंक्शनल बाजू पुण्यात दिसते: १९९० च्या दशकात पुणे विद्यापीठात शिकवण्यासाठी गोफर या भाषेची प्यूगोफर ही आवृत्ती वापरात होती. मुंबई-पुण्याच्या या दोन परंपरा एकाच वर्गात शिकवायला हव्यात, असे मला मनापासून वाटते. करीच्या दोन ओळींत दोन्हींची गाठ पडते.

आज साधनांचा तुटवडा नाही. करीसाठी प्रोलॉगमध्ये भाषांतर करणारी पॅक्स आहे आणि हॅस्केल या फंक्शनल भाषेत करणारी किक्स-टू आहे, दोन्ही मोफत. स्कीम भाषेच्या आतच चालणारी मिनिकॅनरन ही छोटी लॉजिक भाषा 'द रीझन्ड स्कीमर' (२००५) या पुस्तकामुळे पसरली आणि कोअर-लॉजिक या नावाने क्लोजर या भाषेत आली. एपिक गेम्सने २०२३ साली व्हर्स ही भाषा फोर्टनाइटचे खेळ रचणाऱ्यांच्या हाती दिली. तिचे गणित मांडणाऱ्यांत टिम स्वीनी आणि सायमन पेटन जोन्स आहेत, आणि त्यांनी नॅरोइंगऐवजी थांबण्याचा मार्ग निवडला आहे.

म्हणून साधन निवडताना गुणांच्या याद्या ताडून पाहण्याआधी अज्ञाताची परीक्षा घ्यावी. उलटे प्रश्न विचारायचे असतील, कोडी आणि वेळापत्रके सोडवायची असतील, तर अंदाज करणारी करी घ्या. अनेक कामे समांतर चालवायची असतील, तर थांबणारी ओझ बघा. मोठी प्रणाली वर्षानुवर्षे सांभाळायची असेल, तर मर्क्युरीची शिस्त कामी येते. हातातली भाषा सोडायची नसेल, तर मिनिकॅनरन पुरते.