जोयड्याच्या वाटा आणि पावसाळ्यातील पूर्वतयारी
माउंटन बायकिंग : बिगरहंगामात उणिवा कशा दूर कराव्यात?

मोलेहून अनमोड घाट चढून गेले की उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका सुरू होतो. जांभ्या खडकाच्या पायवाटा, झाडांच्या मुळांनी व्यापलेले उतार आणि लाल मातीचे रस्ते यांमुळे हा प्रदेश माउंटन बायकरला आव्हान देणारा ठरतो. मात्र जून ते सप्टेंबर या काळात कॅसलरॉक, अनमोड परिसरात मुसळधार पाऊस कोसळतो. जांभ्यावर शेवाळ धरते, वाटांचे ओहोळ होतात आणि घाटात दरडींचे भय असते. हे चार महिने सक्तीच्या विश्रांतीचे न मानता उणिवा भरून काढण्यासाठी वापरले, तर पुढील हंगामातील अनेक अपघात टळू शकतात.

उणिवांची नोंद

प्रथम दोन आठवडे शरीराला विसावा द्यावा. त्यानंतर सरत्या हंगामातील फेऱ्या आठवून सायकलवरून कोठे उतरावे लागले, कोठे तोल गेला आणि कितव्या तासाला दम संपला, हे लिहून काढावे. त्यांतील एक किंवा दोनच उणिवा निवडाव्यात. सर्वच बाबींवर एकदम भर दिल्यास कोणतीच सुधारत नाही.

चढावर दमछाक

तीव्र चढावर पुढचे चाक उचलले जाते किंवा मागचे घसरते. याचे कारण बहुधा शक्तीच्या अभावापेक्षा चुकीच्या बैठकीत असते. आसनाच्या पुढच्या टोकाकडे सरकून, कोपरे खाली ठेवून छाती हँडलकडे झुकवावी. हलका गिअर चढ लागण्यापूर्वीच घ्यावा. दमसास वाढविण्यासाठी आठवड्यातून एकदा चार मिनिटांचे चार जोरकस टप्पे, मध्ये तीन-तीन मिनिटांची विश्रांती, असा सराव घरातील ट्रेनरवरही करता येतो. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा बैठका, प्लँक आणि पुशअप्स करावेत.

उतारावरील भीती

उतारावर आसनावरून उठून दोन्ही पेडल समपातळीत ठेवावेत, गुडघे व कोपरे सैल असावेत आणि शरीराचा भार हातांपेक्षा पायांवर असावा. वेग रोखण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. तो टाळण्याऐवजी एका बोटाने, हळूहळू दाब वाढवत वापरण्यास शिकावे. वेग वळणाआधीच कमी करावा, कारण ओल्या वळणावर दाबलेला ब्रेक चाक घसरवतो. नजर चाकापुढच्या दगडावर न खिळवता वाट जिकडे जाते तिकडे असावी. हा सराव पावसाची उघडीप पाहून मोकळ्या मैदानात करता येतो. अतिमंद वेगाने सरळ जाणे, इंग्रजी आठच्या आकारात फिरणे आणि जागेवर तोल सांभाळणे यांसाठी रोज वीस मिनिटे पुरेशी आहेत.

सायकलची निगा

दमट हवेत साखळी आणि बेअरिंग लवकर गंजतात. प्रत्येक फेरीनंतर साखळी पुसून तेल द्यावे. चिखलाने ब्रेकपॅड वेगाने झिजतात, म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वी ते तपासावेत.

अरण्याची मर्यादा

जोयडा तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो. पूर्वी अणशी-दांडेली या नावाने ओळखला जाणारा हा प्रकल्प 2007 मध्ये घोषित झाला. तेथे हत्ती, गवे आणि अस्वलांचा वावर आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार अभयारण्यात विनापरवाना प्रवेश करता येत नाही. त्यामुळे वाट निवडताना वन खात्याची अनुमती आधी घ्यावी आणि अंधारापूर्वी परतावे. अनेक पायवाटा कुणबी वस्त्यांच्या व भातशेतीच्या कडेने जातात. डोक्यावर भारा घेऊन समोरून येणाऱ्या ग्रामस्थाला पाहताच सायकलस्वाराने थांबून वाट द्यावी. अरुंद वाटेवर वेळीच थांबता येणे, हेही पावसाळ्यात गिरवलेल्या ब्रेकच्या सरावाचेच फलित होय.