राजविलासाकडून लोकसंस्थेकडे : ससेक्समधील दोन कलावास्तू

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील कलासंस्थांचा इतिहास हा वास्तूंची मालकी बदलत जाण्याचाही इतिहास होय. ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनला जॉन नॅशने १८१५ पासून घुमट व मिनार चढविले, ते पुढे चौथा जॉर्ज झालेल्या युवराजाच्या विलासासाठी. बाह्यरूप हिंदुस्थानी, पण नॅशने हिंदुस्थान कधी पाहिलाच नव्हता! व्हिक्टोरिया राणीला हा प्रासाद रुचला नाही आणि १८५० मध्ये नगराने तो विकत घेतला. त्याच्या अश्वशाळेत १८६७ मध्ये संगीतसभागृह झाले. त्याच परिसरात १८७३ मध्ये संग्रहालय आले.

डिसेंबर १९१४ मध्ये येथेच जखमी हिंदी सैनिकांसाठी रुग्णालय उघडले. धर्म व जातींचे निर्बंध पाळण्यासाठी नऊ स्वयंपाकघरे होती. या व्यवस्थेमागे शुश्रूषेइतकाच साम्राज्यनिष्ठेच्या प्रचाराचा हेतू होता, हे नजरेआड करता येत नाही. काल्पनिक हिंदुस्थानच्या छताखाली खरे हिंदी सैनिक उपचार घेत होते. त्या स्मरणार्थ हिंदी जनतेने व संस्थानिकांनी दिलेल्या प्रवेशद्वाराचे अनावरण १९२१ मध्ये पतियाळाच्या महाराजांनी केले.

बेक्सहिलचा डे ला वॉर पॅव्हिलियन (१९३५) मात्र प्रारंभापासूनच लोकांसाठी होता. समाजवादी विचारांचे महापौर अर्ल डे ला वॉर यांनी त्याचा आग्रह धरला. खुल्या स्पर्धेतून एरिक मेंडेलसोन व सर्ज चेरमायेफ यांचा आराखडा निवडला गेला. मेंडेलसोन हे १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागलेले ज्यू वास्तुशिल्पज्ञ. पुढे वास्तूची बरीच हेळसांड झाली. १९८६ मध्ये तिला सर्वोच्च श्रेणीचे संरक्षण मिळाले आणि २००५ मध्ये ती समकालीन कलाकेंद्र म्हणून पुन्हा खुली झाली.