आजीच्या लहानपणी ईस्टरची रात्र सकाळी व्हायची

हेडफोन लावून लोकलमध्ये उभे असाल, तर आवाज थोडा वाढवा. आजचा विषय शांततेचा आहे.

मी वसईचा. घरी मराठी, चर्चमध्येही मराठी. हे ऐकलं की ऑफिसात हमखास विचारतात, "मग तुम्ही मूळचे गोव्याचे ना?" नाही हो. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, त्यानंतर आमचे इथलेच पूर्वज ख्रिस्ती झाले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, आम्ही राहिलो. असो.

गुड फ्रायडे सगळ्यांना माहीत असतो. ईस्टरच्या रविवारी अंड्यांचे फोटोही येतात. मधला शनिवार मात्र कुणाच्या लक्षात नसतो. त्या दिवशी येशू कबरीत असतो. दिवसभर मिस्सा नाही, वेदी उघडी, घंटा गुरुवारपासून गप्प. आमच्याकडे टीव्ही बंद आणि सगळे जरा हळूच बोलतात. मी त्या दिवसाची ऑन-कॉल ड्यूटी मित्राला देतो (बदल्यात दिवाळीची त्याची मी घेतो) आणि फोन कपाटात टाकतो.

मग रात्री जागरणाचा विधी. बाहेर अग्नी पेटतो, त्यावर मोठी पास्का मेणबत्ती लागते, ती अंधाऱ्या चर्चमध्ये येते आणि एकाची ज्योत दुसऱ्याला देत सगळं चर्च उजळतं. मग घंटा वाजतात. मला वाटायचं, हे दोन हजार वर्षं असंच चालत आलंय. आजीला तसं म्हणालो तर ती हसली. "आमच्या लहानपणी हे सकाळी व्हायचं."

मी शोधलं. आजी बरोबर होती.

सुरुवातीचे ख्रिस्ती रात्रभरच जागायचे. पण उपास सुटायचा विधीनंतर, त्यामुळे विधी हळूहळू अलीकडे सरकत गेला. आधी संध्याकाळ, मग दुपार, आणि चौदाव्या शतकापर्यंत चक्क शनिवारची सकाळ! त्यात १५६६ मध्ये पोप पायस पाचवे यांनी दुपारनंतर मिस्सा करायला मनाई केली आणि सकाळच पक्की झाली. आमच्या धंद्यात असंच होतं. कुणीतरी सोयीसाठी तात्पुरता पॅच लावतो आणि पुढे तीच सिस्टीम होऊन बसते. हा पॅच जवळपास चारशे वर्षं टिकला. फादर लॅटिनमध्ये ‘या रात्रीचं’ गुणगान गाताहेत आणि खिडकीतून ऊन येतंय, असा प्रकार. उपासाचा नियमही शनिवारी दुपारी बाराला संपायचा, म्हणजे तो रिकामा, गप्प दिवस अर्धाच उरायचा.

१९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी रात्रीचा विधी प्रयोग म्हणून सुरू करू दिला. नोव्हेंबर १९५५ मध्ये तो नियमच झाला आणि १९५६ पासून लागू झाला. त्या वर्षी ईस्टर १ एप्रिलला होता. आजी १३ वर्षांची होती.

तिला विचारलं, सकाळचं आवडायचं का? म्हणाली, "उजेडात मेणबत्ती पेटलीय की नाही तेच दिसायचं नाही रे." शब्दही कळायचे नाहीत, कारण सगळं लॅटिन. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेला वाट दिली, त्यानंतर पुढे मराठी आली. समुद्र दुभंगून इस्राएली लोक पार गेले, ही त्या रात्रीच्या वाचनातली गोष्ट तिला चर्चमध्ये बसून कळली ती तेव्हा. तोवर तिचं लग्नही झालं होतं.

यंदा तिचे गुडघे फार दुखत होते. आई म्हणाली, रात्रीचे दोन-अडीच तास नकोत, रविवारी सकाळी नेऊ. मीही शहाणपणा केला. "आजी, चारशे वर्षं लोक सकाळीच करत होते. काही बिघडलं का त्यांचं?"

"सकाळचं मी बघितलंय," ती म्हणाली. "नेणार असशील तर रात्री ने."

नेलं. मागच्या दाराजवळ प्लॅस्टिकची खुर्ची टाकली. दिवे गेले. ज्योत आमच्यापर्यंत यायला बराच वेळ लागला. मी तिची मेणबत्ती धरायला हात पुढे केला, तिने तो बाजूला केला आणि पुढच्या बाईकडून स्वतःच पेटवून घेतली. मग माझी पेटवली.

घरी पोचायला साडेबारा झाले. आईने सकाळसाठी मटण करून ठेवलं होतं. चाळीस दिवस आमच्याकडे मांस नव्हतं. आजी काठी ठेवून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "भाकऱ्या आहेत का गं?"