इमाम मूसा अल-सद्र : जीवन व कार्य

लेबनॉनमधील शिया मुस्लिमांचे नेते इमाम मूसा अल-सद्र यांचा जन्म ४ जून १९२८ रोजी इराणमधील कोम या विद्यानगरीत, धर्मपंडितांच्या घराण्यात झाला. कोम व इराकमधील नजफ येथे धर्मशिक्षण घेत असतानाच त्यांनी तेहरान विद्यापीठात कायद्याचाही अभ्यास केला. १९५९ च्या अखेरीस ते दक्षिण लेबनॉनमधील एका बंदरात धर्मगुरू म्हणून आले. पवित्र शास्त्रात ज्याचा उल्लेख सोर असा येतो, तेच हे नगर.

तेथे एका ख्रिस्ती गृहस्थाचे आईस्क्रीमचे दुकान होते. ख्रिस्ती माणसाच्या हातचे खाणे मुसलमानाला अपवित्र आहे, असे एका मुसलमान प्रतिस्पर्धी दुकानदाराने पसरविले आणि त्यांचे गिऱ्हाईक तुटले. कित्येक शिया पंडितांचे मतही त्या काळी तसेच होते. १९६२ च्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी नमाज आटोपून इमाम थेट त्या दुकानात गेले आणि लोकांसमक्ष त्यांनी आईस्क्रीम खाल्ले. विटाळ म्हणजे काय, हे मराठी वाचकांस समजावून सांगावयास नको. म्हणूनच हा लहानसा प्रसंग आम्हांस मोठा वाटतो.

दक्षिणेतील शिया समाज अत्यंत दरिद्री होता. इमामांनी त्याच्यासाठी अनाथ मुलांची व तंत्रशिक्षणाची विद्यालये उभारली. १९६९ साली ते शियांच्या सर्वोच्च परिषदेचे अध्यक्ष झाले. १९७४ मध्ये त्यांनी 'वंचितांची चळवळ' आरंभिली, तेव्हा ग्रीक कॅथलिक आर्चबिशप ग्रेग्वार हद्दाद त्यांच्यासोबत होते.

फेब्रुवारी १९७५ मध्ये, उपवासकाळात, बैरूतच्या कापुचिन मंदिरात प्रवचनासाठी त्यांना पाचारण करण्यात आले. क्रुसाखाली उभ्या असलेल्या या मुस्लिम धर्मगुरूने ख्रिस्ती श्रोत्यांना सांगितले, की धर्म मनुष्याच्या सेवेसाठी आले. ते स्वतःचीच सेवा करू लागले तेव्हा त्यांच्यात फूट पडली. दोनच महिन्यांनी, १३ एप्रिल रोजी, यादवी युद्ध पेटले. जूनमध्ये इमामांनी बैरूतच्या मशिदीत उपोषण केले. त्यानंतर बेका खोऱ्यातील ख्रिस्ती गावांना शिया बंदूकधाऱ्यांनी वेढा दिला असता, ते तेथे धावून गेले. या गावांवर झाडलेली गोळी माझ्या घरावर झाडलेली आहे, असे त्यांनी आपल्याच लोकांना बजाविले.

येथे एक गोष्ट लपविणे योग्य होणार नाही. त्यांच्या चळवळीचे 'अमल' हे सशस्त्र पथकही होते. जुलै १९७५ मध्ये प्रशिक्षण छावणीत स्फोट होऊन अनेक तरुण मेले, तेव्हा ते उघडकीस आले. शस्त्रांविरुद्ध उपोषण आणि हाताशी शस्त्रे, ही विसंगती त्यांच्या चरित्रातून काढून टाकता येत नाही.

ऑगस्ट १९७८ मध्ये ते दोन सहकाऱ्यांसह लिबियास गेले. ३१ ऑगस्टनंतर तिघेही कोणास दिसले नाहीत. ते विमानाने रोमला गेले, असे लिबियाने सांगितले. ते इटलीत आलेच नाहीत, असे इटालियन तपासात आढळले. रोममधील एका हॉटेलात त्यांचे सामान तेवढे मिळाले.